जागरण पणजीचे आणि बोरीचे

रात्र जागवून काढण्याची विद्या आमच्या परभणी जिल्ह्याला कोणाकडून शिकावी लागलेली नाही. लग्नानंतरचा जागरण-गोंधळ, सप्त्यातील वीणेचा अखंड पहारा, फेब्रुवारीत परभणीस सय्यद शाह तुराबुल हक यांच्या दर्ग्यावर भरणाऱ्या उरुसातील कव्वाली, आणि माघ वद्य चतुर्दशीस महादेवाच्या देवळात पहाटेपर्यंत चालणारे भजन, अशा नाना निमित्तांनी आमची माणसे निद्रेला रजा देत आलेली आहेत. तेव्हा जिंतूर तालुक्यातील बोरी गावची चार तरुण माणसे एक रात्र गाण्याबजावण्यात घालवून परत आली, एवढ्यावरून गावात चर्चा व्हावी असे काही घडले नव्हते. चर्चा झाली ती ती रात्र २०२३ सालच्या महाशिवरात्रीची, म्हणजे शनिवार १८ फेब्रुवारीची होती म्हणून; आणि गावच्या देवळात बसण्याऐवजी या चौघांनी ती पणजीस, कार्निव्हलच्या सांबा स्क्वेअरमध्ये, नाचून काढली म्हणून.

या प्रकरणाची जी सुनावणी आमच्या गल्लीतील एका माळवदी घराच्या ढाळजेत पुढे झाली, तिचा मी साक्षीदार आहे. वादी आणि प्रतिवादी एकाच घरातले. आबा हे जिंतूरच्या तहसिलीतून अव्वल कारकून म्हणून फार पूर्वी निवृत्त झालेले. निजामी अमलातील शाळेत उर्दूचे पहिले कित्ते गिरविल्यामुळे ती लिपी त्यांना अजून अवगत आहे, फरिश्त्याच्या तवारिखीचा उर्दू तर्जुमा त्यांच्या उशाशी असतो, आणि भजनी मंडळाची पेटी त्यांच्याच हाती आहे. पुतण्या कृषी सेवा केंद्र चालवितो; खते, बियाणे, औषधे विकतो, उधारीची वही जिवापाड जपतो, आणि सवड मिळाली की मित्रांना गाडीत घालून कोठे तरी दूर निघून जातो. दोघांच्याही बोलण्यात मराठवाडी ठसका पुष्कळ होता. तो माझ्या लेखणीला पेलत नसल्यामुळे त्यांचे बोलणे मी माझ्या वळणावर आणले आहे, मजकुरात मात्र कमीजास्त केलेले नाही.

आबा : आधी तुझी कैफियत होऊ दे, मग निवाड्याचे पाहू. ज्या रात्री या घराण्याचा प्रत्येक पुरुष देवळात बसत आला, त्या रात्री तू कोठे बसला होतास?

पुतण्या : बसलो नव्हतो, आबा, तेच तर सांगायचे आहे. शुक्रवारी संध्याकाळी दुकान बंद करून निघालो, गंगाखेड, लातूर, सोलापूर, विजापूर, बेळगाव असे मजल दरमजल करीत चोर्ला घाट उतरलो, आणि शनिवारी दुपारी राजा मोमोच्या स्वारीला हजर झालो. हा चार दिवसांचा बादशहा. दरसाल एकाला मुकुट घालून राज्य त्याच्या स्वाधीन करतात, आणि तो पहिले व अखेरचे फर्मान काढतो की खा, प्या, मजा करा. चित्ररथ निघून गेले, ऊन उतरले, आणि रात्री आम्ही शहराच्या मधोमध असलेल्या गार्सिया द ऑर्ता बागेत शिरलो. मंचावर ट्रम्पेट, सॅक्सोफोन, गिटार आणि ढोल. समोर झाडांखाली नातवाचा हात धरून नाचणाऱ्या आज्या, नाकावर मुखवटा चढविलेले कारकून, नऊवारी नसली तरी तेवढ्याच ऐटीने झगा सांभाळणाऱ्या बायका. मध्येच कोकणी गाण्यांची लांबलचक माळ गुंफतात, तिला ते लोक मसाला म्हणतात. मध्येच एखादे पोर्तुगीज गाणे येते, आणि मग ब्राझीलची चाल सुरू झाली की बागेतली माणसे एका अंगाने हलू लागतात.

आबा : आणि तुम्हांला ते नाचता आले?

पुतण्या : आधी नाही आले. सांब्यात आवर्तन दोनच ठोक्यांचे, पण मोठा ढोल आपले सगळे वजन दुसऱ्या ठोक्यावर टाकतो. आपण जन्मभर अंग समेवर टाकीत आलो. पहिल्या ठोक्याला आपण खाली जातो तेव्हा सारी बाग वर असते, आणि बाग खाली येते तेव्हा आपण वर. आमच्यातील माळकऱ्याने त्यातून वाट काढली. वारीतल्या पावलीची त्याच्या पायांना सवय. त्याने पहिल्या ठोक्याला पाऊल नुसते टेकविले आणि दुसऱ्याला अंग सोडले. पाच मिनिटांत तो असा रंगला की एक वृद्ध गोमंतकीय जोडपे त्याच्याकडे पाहून त्याच्यासारखी पावले टाकू लागले. त्याला उपास होता. कोकम सरबतावर त्याने रात्र काढली, आणि आम्हां तिघांपेक्षा तोच जास्त नाचला. वाद्ये थांबल्यावर मांडवीच्या काठी उजाडेपर्यंत बसलो. म्हणजे जागरण घडले, उपासही एकाचा घडला. राहता राहिले देऊळ.

आबा : माळकऱ्याचा उपास मोडला नाही, ही एक नोंद तुमच्या बाजूने करून ठेवतो. आता मला एवढे सांग, ज्या बागेत तू रात्रभर उड्या मारल्यास, तिचे नाव ज्याच्यावरून पडले तो माणूस कोण?

पुतण्या : असेल कोणी पोर्तुगीज गव्हर्नर.

आबा : वैद्य होता. १५३४ साली हिंदुस्थानात आला, गोव्यात राहिला, आणि इकडच्या औषधींवर त्याने ग्रंथ लिहिला. तो १५६३ साली गोव्यातच छापला गेला. सारा ग्रंथ संवादरूप आहे. एक बोलणारा ऑर्ता स्वतः, दुसरा रुआनो नावाचा त्याने कल्पिलेला वैद्य. रुआनोने पोथ्यांतले प्राचीन मत पुढे करावे, आणि ऑर्ताने आपल्या डोळ्यांनी पाहिले ते सांगावे. या ऑर्ताच्या औषधाचा एक गिऱ्हाईक अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहा होता. आता निजामशाहीचा मूळ पुरुष कोण ते फरिश्त्याला विचार. आपल्या पाथरीच्या कुलकर्ण्याचा मुलगा बहामनी फौजेच्या हाती विजयनगरच्या स्वारीत सापडला, बाटविला गेला, मलिक हसन बहरी या नावाने बिदरच्या दरबारात वजिरीपर्यंत चढला; त्याचा मुलगा मलिक अहमद, ज्याने १४९० साली आपली स्वतंत्र सत्ता पुकारली, आणि त्याचा मुलगा हा बुऱ्हाण. या बुऱ्हाणाच्या मनातून पाथरी काही जाईना. वऱ्हाडच्या इमादशहाकडे त्याने ती मागितली, बदली दुसरा मुलूख देऊ केला, आणि तो ऐकेना तेव्हा १५१८ साली चढाई करून घेतली. म्हणजे, लेकरा, तुझ्या बागेतला वैद्य हा आपल्या पाथरीच्या कुलकर्ण्याच्या पणतवाची नाडी पाहणारा.

मी येथे थोडा चकित होऊन आबांकडे पाहत राहिलो. नात्याची गणती बरोबर होती, बुऱ्हाण हा पणतूच व्हावयाचा. आणि ज्या आवेशात ती सांगितली गेली त्यापुढे मध्ये बोलण्याचे धैर्य मला झाले नाही. शिवाय एका संवादरूप ग्रंथाचा कर्ता परभणी जिल्ह्यातील एका संवादात अशा रीतीने दाखल व्हावा, हा योगायोग बिघडविण्याची इच्छाही नव्हती.

पुतण्या : म्हणजे आबा, मी परमुलखात गेलोच नव्हतो! तुमच्याच दफ्तरावरून सिद्ध झाले की ती बाग पाथरीच्या वाटेवर आहे.

आबा : उतावीळ होऊ नकोस. गोष्ट पुरी व्हायची आहे. ऑर्ताचे पूर्वज यहुदी, जबरदस्तीने ख्रिस्ती झालेले. तो १५६८ साली वारला. पुढल्याच वर्षी त्याच्या बहिणीला गोव्याच्या धर्मन्यायालयाने जिवंत जाळले, आणि १५८० साली त्याची स्वतःची हाडे कबरीतून उकरून जाळली. ओळख पटली म्हणजे मालकी सिद्ध होत नाही, एवढेच मला सांगायचे आहे. पणजीच्या मातीला ते गाणे कळते, कारण त्या मातीने त्याच्याबरोबर आलेला जाचही चारशे एकावन्न वर्षे सोसला. तुम्ही तिकडून नुसती गोडी उचलून आणता. परकी चाल, परका ठेका, परका सण.

पुतण्या : परक्या चालींविषयी या घरात बोलायचे असेल तर दाढी करताना तुम्ही काय गुणगुणता ते आधी आठवा. १९५१ सालचा 'अलबेला' तुम्ही परभणीच्या तंबूत किती वेळा पाहिला हे काकूंनी मला सांगितलेले आहे. त्याचे संगीत सी. रामचंद्रांचे, म्हणजे पुणतांब्याच्या रामचंद्र नरहर चितळकरांचे. आणि त्यांच्या हाताशी संगीत-संयोजनाला हळदोण्याचा आंतोनियो शाविएर वाझ, ज्याला मुंबईतली नाचगृहे चिक चॉकलेट या नावाने ओळखत. आदल्या वर्षीच्या 'समाधी'त तर एका अमेरिकी चित्रपटातील लॅटिन ढंगाच्या गाण्याची चालच त्यांनी हिंदीत आणली होती. तेव्हाचे बोंगो तुम्हांला चालले.

आबा : तेव्हा कानाला कुंपण नव्हते. म्हणून तर बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ साली नभोवाणीमंत्री झाले तेव्हा त्यांनी सिनेमाची गाणी आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार केली. मला ते त्या वेळीही योग्य वाटले होते.

पुतण्या : आणि तुम्ही काटा फिरवून रेडिओ सिलोन लावीत होता.

आबांनी या आरोपाचा इन्कार केला नाही. अडकित्त्यात सुपारी धरून त्यांनी तिची दोन खांडे केली आणि वादाची दिशा बदलली. मला वाटते, येथवरची सारी चकमक ही दोघांच्याही मनातील खऱ्या मुद्द्याची प्रस्तावना होती. चिक चॉकलेटविषयी आबांना तक्रार नव्हतीच, त्यांना तक्रार होती ती चतुर्दशीविषयी.

आबा : राहू दे ते. गाण्याशी माझे वैर नाही. गोंधळ घालायचा तर घरात लग्न झालेले असते किंवा नवस फेडायचा असतो. गोंधळ्यांना बोलावणारा यजमान असतो, तो दिवटी धरून रात्रभर उभा राहतो, आणि त्याच्या कुळाचा देव हजर आहे की नाही याची त्याला धास्ती असते. उरुसात कव्वाली होते ती एका वलीच्या पुण्यतिथीला. आमची महाशिवरात्र तर उघडच आहे. तुमच्या रात्रीला निमित्त कोणते? यजमान कोण? दोन दिवसांची फुरसत आणि गाडीत तेल, याखेरीज त्या आनंदाला तुम्हांकडून आधार काय होता?

पुतण्या : निमित्ताशिवाय आनंद करणे हा फौजदारी गुन्हा कधीपासून झाला? आणि परकेपणाचेच बोलायचे तर, आबा, त्या रात्री तुम्ही फराळाला काय घेतले?

आबा : नेहमीचे. साबुदाण्याची खिचडी, उकडलेली रताळी, शेंगदाण्याची आमटी.

पुतण्या : साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो कसावा ब्राझीलचा. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा. रताळे, बटाटा, मिरची, सगळी तिकडचीच. पोर्तुगिजांची जहाजे समुद्रावर येऊ लागली त्यानंतर ही मंडळी इकडे आली. महाशिवरात्रीच्या दिवशी गहू, ज्वारी, तूरडाळ असे घरचे धान्य वर्ज्य, आणि पानात बसते ती लॅटिन अमेरिका! मी तिकडचा ठेका ऐकत नाचलो, तुम्ही तिकडचे कंद खाऊन भजन केलेत. दोघांत जास्त परदेशी कोण, हे महादेवालाच विचारले पाहिजे.

हा वार चांगला बसला होता. मी तर मनातल्या मनात निकाल देऊनही मोकळा झालो. पण अव्वल कारकुनाची नजर कागदाच्या मागल्या बाजूवरही असते, हे मी विसरलो होतो.

आबा : तुझे म्हणणे मला मंजूर. रताळे परके. पण ते आपले कशाने झाले, ते तू सांगितले नाहीस. ते आपल्या रानात रुजले, बायकांनी ते उकडून पाहिले, आणि मग त्याला एक शिस्त लावून दिली, की तू उपासाला चालशील, आणि त्या दिवशी तुझ्या ताटात कांदा शिजलेला चालणार नाही. आमची पेटीही अशीच. ती विलायतेची, आकाशवाणीने १९४० साली तिला बाहेर काढले ते तीस वर्षे उंबऱ्याच्या आत घेतले नाही, पण वारकऱ्याने तिला मृदंगाच्या आणि टाळाच्या मागून चालायला लावले, स्वतःच्या तोऱ्यात वाजू दिले नाही, म्हणून ती देवळात बसली. पाहुणा घरचा होतो तो घरचे बंधन पत्करतो तेव्हा. आता तुझ्या कार्निव्हलचे पाहू. तो मंगळवारी रात्री संपतो, हे खरे?

पुतण्या : हो. बुधवारपासून त्यांचा चाळीस दिवसांचा उपास सुरू होतो.

आबा : आणि त्या बुधवारी सकाळी ते लोक देवळात जाऊन कपाळाला राख लावून घेतात. मी वाचले आहे. पाद्री सांगतो की तू माती आहेस आणि मातीत मिळणार आहेस. म्हणजे ज्यांचा तो सण आहे त्यांनी मंगळवारच्या नाचाला बुधवारच्या राखेचे वेसण घातलेले आहे. चार दिवस मोमो राजा, पुढे चाळीस दिवस राजा नाही, मांस नाही, नाच नाही. तुम्ही काय केलेत? शनिवारी गेलात, रविवारी परत फिरलात. त्यांची राख त्यांच्यापाशी राहिली, आणि आपली भस्माची रात्र तुम्ही येथे टाकून गेलात. दोन्ही घरचे गोड तेवढे खाल्लेत. माझी फिर्याद गोव्याविरुद्ध नाही, पोर्तुगालविरुद्ध नाही, ब्राझीलविरुद्ध तर मुळीच नाही. तुम्ही मंगळवार घेता आणि बुधवार देत नाही, एवढ्यापुरतीच ती आहे.

पुतण्या बराच वेळ बोलला नाही. बाहेर कोणी तरी मोटारसायकल उभी करून युरिया आहे का म्हणून विचारून गेला, त्याला त्याने नुसती मान हलवून वाटेला लावले. आबांचा युक्तिवाद मला स्वतःला फार जड वाटला. त्याला उत्तर असेल तर ते पणजीच्या बागेत सापडणारे नव्हते. पुतण्याने ते दुसरीकडून आणले.

पुतण्या : परत आल्यावर मी थोडे वाचले, आबा. ज्या सांब्यावर आम्ही नाचलो त्याचे मूळ ब्राझीलच्या बाहिया प्रांतात आहे. तिथल्या रेकोंकावू नावाच्या मुलखात ऊस आणि तंबाखू. आणि तो ऊस तोडायला आफ्रिकेतून धरून आणलेली माणसे. दिवसाचे काम संपले की ती वर्तुळ करून उभी राहत, एकजण मध्ये येऊन नाचे, बाकीचे टाळ्या वाजवीत. वाद्य म्हणून जेवणाची ताटली घेत आणि तिच्यावर सुरी घासून ताल धरीत. ताटलीवरची ती सुरी अजून वाजवितात. तेथली गुलामगिरी कायद्याने संपली १३ मे १८८८ रोजी. त्याच्या आधी आणि नंतर बाहियाची पुष्कळ माणसे रिओ शहरात पोट भरायला आली. त्यांत तिया सियाता नावाची एक बाई होती, मिठाई विकणारी. तिच्या घरी पुढच्या दालनात सभ्य लोकांना चालेल असे वादन आणि मागच्या अंगणात सांबा, कारण पोलीस सांबा करणाऱ्यांना धरीत. त्या अंगणातल्या बैठकींत जुळलेल्या एका गाण्याची नोंद डोंगा नावाच्या वादकाने १९१६ साली राष्ट्रीय ग्रंथालयात करविली, पुढल्या वर्षी त्याची तबकडी निघाली, आणि मग साऱ्या जगाला सांबा कळला. क्यूबाचेही तेच. तिथली गुलामगिरी संपायला १८८६ साल उजाडले. तिथला ठेकाही उसाच्या मळ्यातल्या आणि बंदरातल्या माणसांनी घडविला. हवानाला १९२५ साली जन्मलेली सेलिया क्रूझ नावाची थोर गायिका गाता गाता मध्येच एक आरोळी ठोकीत असे: आसुकार! म्हणजे साखर.

आबा : साखर?

पुतण्या : साखर. तुम्ही म्हणता मंगळवार घेतला आणि बुधवार दिला नाही. पण ज्यांनी हे गाणे जन्माला घातले त्यांच्या आयुष्यात बुधवारखेरीज दुसरा वार होता कोठे? राख त्यांच्या कपाळाला वर्षभर होती. त्यांनी त्या राखेतून चार घटकांचा मंगळवार उकरून काढला, कोणाची इजाजत न घेता, निमित्त न शोधता. यजमान नव्हता, कारण यजमानाच्या हातात चाबूक होता. म्हणून मी म्हणतो की आनंदाला दाखला मागू नये. आणि हे मला पुस्तकातून कळायला नको होते. आपल्या गावाभोवतीच्या वाड्यातांड्यांवर दिवाळीनंतर किती दारांना कुलपे पडतात ते तुम्हीही पाहता. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात. फडावर पाचटाच्या कोपीत संसार, पोरगं बांधावर, बाईच्या डोक्यावर मोळी, आणि गाडी केव्हा येईल त्याचा नेम नाही म्हणून मध्यरात्री उठून भरणे. महाशिवरात्रीलाही ती माणसे जागीच होती, आबा. त्यांच्या जागरणाला आपण देवळातही धरीत नाही आणि बागेतही नाही.

आबा : हे तू चांगले बोललास. इतके चांगले की आता मला तुझी उधारीची वही पाहावी लागेल. त्या वहीत कोयते आहेत का?

पुतण्या : आहेत. पावसाळ्यात त्यांच्या दोन-दोन एकरांना बियाणे-खत लागते, ते ऊस तोडून आल्यावर चुकते करतात.

आबा : व्याज?

पुतण्या : व्याज घेत नाही.

आबा : दरात धरतोस.

पुतण्या : थोडे. सगळेच धरतात.

आबा : म्हणजे उसाचा पैसा मुकादमाकडून कोयत्याकडे, कोयत्याकडून तुझ्या वहीत आणि वहीतून तुझ्या गाडीत. शिवाय पेट्रोलमध्ये उसाचे इथेनॉल सरकारच घालते असे ऐकतो. बाहियापासून बोरीपर्यंत साखरेचा हिशेब असा सरळ लागत असताना तू ताटलीवरच्या सुरीची कथा मला सांगतोस, तेव्हा त्या वर्तुळात तुझी जागा नाचणाऱ्यात धरू की मळेवाल्यात धरू?

हा प्रश्न विचारताना आबांच्या आवाजात चढेलपणा मुळीच नव्हता. आणि मला असे वाटले की तो विचारताना, वडिलार्जित जमीन बटाईने लावणारा आणि पंखा चालू ठेवून भजनाची पेटी वाजविणारा एक पेन्शनदारही त्यांच्या नजरेपुढे असावा.

पुतण्या : कोठेही धरा. मळेवाल्यात धरा. पण मी नाचलो नसतो, देवळात तुमच्या मागे टाळ घेऊन बसलो असतो, तर तो हिशेब चुकता झाला असता काय?

आबा : नसता झाला.

पुतण्या : मग महाशिवरात्र चुकल्याचा राग आणि वहीचा राग, हे दोन निराळे दावे आहेत. एकाच अर्जात दोन दावे चालत नाहीत, हे तुम्हीच शिकविलेत.

आबा : चालत नाहीत, हे खरे. वहीचा दावा वेगळा लावू. तो मी लावणार आहे, हे ध्यानात ठेव. पुढच्या मृगापर्यंत तो दर खाली आलेला मला दिसला पाहिजे.

पुतण्या : पाहू.

आबा : पाहू नव्हे. आणि दुसरा दावा, तिथीचा. तो मी काढून घ्यायला तयार आहे, कारण त्यात दोष निम्मा चंद्राचा आहे. त्यांचा ईस्टर पौर्णिमेवर ठरतो आणि त्यापासून मागे मोजीत कार्निव्हल येतो. आपली शिवरात्र अमावास्येच्या आदल्या दिवशी. हिशेब केलास तर दिसेल की पुष्कळ वर्षी दोन्ही एकमेकांच्या अंगावरच येऊन पडतात. पण यंदा श्रावण अधिक आहे. त्यामुळे पुढची शिवरात्र लांबून मार्चात, आठ तारखेला जाते. तुमचा मोमो पुढल्या वर्षी केव्हा बसतो?

पुतण्याने मोबाइल काढून पाहिले. २०२४ चा कार्निव्हल शनिवार १० फेब्रुवारीपासून मंगळवार १३ तारखेपर्यंत होता.

आबा : म्हणजे जवळजवळ महिन्याचे अंतर. ठीक. जायचे असेल तर सोमवारी निघावे, मंगळवारची रात्र पाहावी, आणि बुधवारी सकाळी ते लोक राख कशी लावून घेतात ते पाहून मग परतावे.

पुतण्या : तुम्ही येणार म्हणता?

आबा : तुझ्या कार्निव्हलला नाही. पाथरीच्या कुलकर्ण्यांच्या वैद्याची बाग पाहायला येईन. रात्री तेथे कोणी वाजवीत असले तर मी कान बंद करून बसणार नाही, एवढेच.

पुतण्या : बुधवारी दुकान बंद ठेवावे लागेल.

आबा : ठेव.

पुतण्या : आणि गाडीत पाच जण होतात. पुढची जागा माळकऱ्याची ठरलेली आहे, त्याला चोर्ल्याचा घाट लागतो.

आबा : घाट मलाही लागतो. त्याला सांग, मी पेटी घेऊन मागे बसणार नाही.

पुतण्या : पेटी कशाला?

आबांनी याचे उत्तर दिले नाही. सुपारीची डबी बंद करून ते आत जेवायला गेले.